गेडचा रंग

या मे महिन्याच्या सुट्टीत ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्याने, लेकीसाठी, समोर इंग्रजी पान ठेवून तोंडाने मराठीत सांगत. उर्सुला ल ग्वीनचं हे पुस्तक १९६८चं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बारावीत होते. तेव्हापासून गेड, म्हणजे गोंट बेटावर शेळ्या राखणारा आणि पुढे मोठा जादूगार होणारा पोरगा, माझ्या डोक्यात एकाच चेहऱ्याने राहत होता. गोरा, सडपातळ, घाऱ्या डोळ्यांचा. फुटपाथवर घेतलेल्या माझ्या जुन्या प्रतीच्या मुखपृष्ठावर तसाच होता तो.

तिसऱ्या प्रकरणात गेड रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो. तिथे त्याला व्हेच भेटतो, त्याचा जिवाभावाचा मित्र. व्हेचचं वर्णन करता करता ल ग्वीन सांगून जाते की तो चांगला काळा आहे. गेड, जास्पर आणि तिथल्या द्वीपसमूहातले बहुतेक लोक आहेत तसा तांबूस-तपकिरी नव्हे. मी वाचता वाचता थांबले. हे वाक्य बारावीतही माझ्या डोळ्यांखालून गेलंच असणार, पण डोक्यातलं चित्र तसूभरही हललं नव्हतं. जास्परचं तर मनाला फारच लागलं. गेडला हिणवणारा, उमराव घरातला, तोऱ्यात वागणारा मुलगा. त्याला मी आपल्या मनाने सोनेरी केस देऊन टाकले होते. का, तर तोरा म्हटलं की मला गोराच माणूस दिसतो.

“मग गेड कसा दिसतो गं आई?” लेकीने विचारलं. मी म्हणाले, “गव्हाळ.” म्हटलं आणि जीभ चावली. गव्हाळ हा लग्नाच्या बायोडेटातला शब्द. जे लिहायचं नसतं ते झाकायला वापरतात तो. “रंगाने जरा डावी आहे, पण नाकीडोळी नीटस” हे वाक्य मी माझ्याबद्दल स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलंय. व्हेच इतका भला, आणि त्याला ‘काळा’ म्हणताना माझाच आवाज खाली गेला होता. मग मी नीट सांगितलं. व्हेच काळा आहे. आणि गेड आजीच्या मागच्या पडवीतल्या तांब्याच्या बंबासारखा, घासायच्या आधीचा. तिला लगेच कळलं, कारण बंब तिने पाहिलेला आहे. नंतर मागची पानं उलटली, तर गेडच्या गुरूच्या, ओजियनच्या वर्णनात ल ग्वीनने तांब्याचाच रंग दिलेला सापडला.

हे सगळं तिने ठरवून केलं होतं. तिने स्वतः लिहून ठेवलंय की गोऱ्या वाचकाला आधी गेडच्या मनात शिरू द्यायचं आणि त्याचा रंग मग हळूहळू कळू द्यायचा. पुस्तकात गोरे आणि पिवळ्या केसांचे असतात ते धाड घालायला येणारे कार्ग लोक. तरी प्रकाशक वर्षानुवर्षं मुखपृष्ठावर गोरा गेड काढत राहिले. २००४मध्ये टीव्हीवर मालिका आली, त्यातही गेड गोराच. तेव्हा तिने जाहीर लेख लिहून आपला संताप मांडला. मैत्रीण म्हणाली, “रंगाने काय फरक पडतो, गोष्ट तर तीच ना?” मला पडतो फरक. फरक पडत नसता तर पानावर छापलेला रंग पुसून दुसरा भरायचे कष्ट माझ्या डोक्याने इतकी वर्षं घेतलेच नसते.

एक चेहरा बदलला आणि मग बाकीचेही बदलायला लागले. बारावीत ओजियनचा मला कंटाळा यायचा. धो धो पावसात ढग दुसरीकडे हाकलायची ताकद असलेला हा माणूस मुकाट झाडाखाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. गेड चिडतो, तेव्हा मीही चिडले होते. आता मला त्या झाडाखाली झोपलेला ओजियन अगदी जवळून दिसतो: ओल्या दाढीचा, आपल्या शिष्याची घाई ओळखून असलेला, आणि तरीही त्याच्यावर माया करणारा.

आणि गेडची मावशी. गावातली चेटकीण. तेव्हा मला ती कळकट आणि लोभी वाटली होती, आणि पुस्तकही तिच्याकडे थोडं तसंच बघतं. पण शेळ्यांना बोलावणारा पहिला मंत्र गेडला तिच्याकडूनच मिळाला. बायकांची जादू दुबळी, बायकांची जादू वाईट, अशी म्हण त्या जगात आहे, आणि ती ल ग्वीननेच लिहिली. पुढे १९९०मध्ये, अर्थसीच्या तिसऱ्या पुस्तकानंतर १८ वर्षांनी, ‘तेहानू’ लिहिताना ती त्या म्हणीकडे परत वळली आणि त्याच बेटावरच्या बायकांच्या घरात, चुलीपाशी जाऊन बसली. स्वतःच निर्माण केलेल्या जगाकडे असं नव्याने बघायला फार मोठं मन लागतं.

आम्ही उद्यापासून दुसरं पुस्तक सुरू करतोय, अतुआनच्या थडग्यांचं. त्यातली तेनार कार्ग आहे, गोरी, काळ्या केसांची. तिने असा सावळा माणूस जन्मात पाहिलेला नसतो. गालावर व्रण असलेला गेड अंधारात पहिल्यांदा तिला दिसतो तो त्याच्याच काठीच्या उजेडात. लेकीने आजच विचारून ठेवलंय, “तिला तो आवडतो का गं?”