ब्रोका गल्लाभरू होता का?

"साठाच्या वर सिनेमे काढले रे त्याने! त्यातले कितीतरी नुसती रडारड. मग त्याला बंडखोर कशाला म्हणायचं?" पक्या तावातावाने म्हणाला. आदल्या रविवारी आम्ही फिलिपिनी दिग्दर्शक लिनो ब्रोकाचा 'इन्सियांग' पाहिला होता. तेव्हापासून हा वाद कट्ट्यावर धुमसत होता.

"गोष्ट रडकीच आहे," सुन्या म्हणाला. "आई, मुलगी आणि आईचा यार. पण सुरुवात डुकरांच्या कत्तलखान्यात, आणि पुढे सगळं मनिलातल्या टोंडोच्या झोपडपट्टीत. साल १९७६. हुकूमशहा मार्कोसचा लष्करी कायदा. फिलिपिन्स किती सुंदर आहे हे त्याची बायको इमेल्डाबाई जगाला दाखवत होत्या, तेव्हा ब्रोकाने हे दाखवलं. १९७८ मध्ये हा सिनेमा कानच्या चित्रपट महोत्सवात गेला, फिलिपिन्सचा पहिलाच."

"कान गेलं उडत. पैशासाठी केलेल्या सिनेमांचं बोल."

इथे मला राहवेना. रडकेपणा हाच तर त्याचा जोर! १९८४ चा 'बायान को' घ्या. छापखान्यातला कामगार. मालकाकडून उचल घेताना कामगार संघटनेत जाणार नाही असं लिहून दिलेलं. बायको बाळंत होते आणि बिल भरेपर्यंत दवाखाना तिला नि बाळाला सोडत नाही. डोळ्यांत पाणी आणणारीच गोष्ट, पण सेन्सॉरला धास्ती वाटली ती याच गोष्टीची. पुढे जानेवारी १९८५ मध्ये जीपनी म्हणजे तिकडच्या प्रवासी जीपगाड्या, त्यांच्या चालकांच्या संपात ब्रोका स्वतः उभा राहिला आणि दोन आठवड्यांवर तुरुंगात राहून आला. गल्ल्याची काळजी असलेला माणूस असं करतो?

"त्याच वर्षी त्याला मॅगसेसे मिळालं," सुन्या म्हणाला. "आणि आपल्या बाबा आमट्यांनाही, त्याच वर्षी."

सुन्या मूळचा वरोऱ्याचा, आनंदवन बघत वाढलेला. म्हणून मी त्याला सांगितलं, की ब्रोका तरुणपणी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिला होता. १९७४ च्या त्याच्या सिनेमात गावाने झिडकारलेला कुष्ठरोगी आहे. सुन्या बराच वेळ गप्प बसला.

"मार्कोसची सत्ता गेल्यावर तरी सरकारी झाला असेल," पक्या काही सोडेना.

छे! मार्कोसनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अकिनोबाईंनी १९८६ मध्ये त्याला घटना आयोगावर नेमलं. तिथे त्याने 'अभिव्यक्ती' हा शब्द घटनेत घालायला लावला आणि मधेच राजीनामा दिला. १९८९ मध्ये त्यांच्याच राजवटीतल्या सशस्त्र टोळ्यांवर 'ओराप्रोनोबिस' काढला. १९९१ मध्ये मोटार अपघातात गेला, अवघ्या बावन्नाव्या वर्षी.

पक्या उठला, चप्पल घातली, परत बसला.

"त्या दवाखान्याच्या बिलाचं पुढे काय होतं?"

"दरोड्यात सामील होतो तो."