"कास्तकाराला मंदी काय कळते?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कापसाचं आयात शुल्क काढल्यावर मी लिहिलेल्या मागच्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं बरोबर आहे ते आधी सांगतो. कापसावरचं आयात शुल्क मी 10 टक्के लिहिलं होतं, ते 11 टक्के होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य. "मंदी कारखान्यात येते, कास्तकाराला मंदी काय कळते, त्याला फक्त कर्जमाफी कळते." मतभेद चालतील, पण ही भाषा? ज्यांच्या घरात बसून मी लिहितो, त्यांच्याबद्दल बोलताय तुम्ही.

कळते की नाही ते ऐका. मार्च 2012. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातलं आमचं घर, पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. आदल्या वर्षी भाव चढलेला पाहिला होता, म्हणून गावानं माल रोखून धरलेला. लहान बहीण त्या गंजीवरच झोपायची आणि रात्रभर अंग खाजवायची. 5 मार्चला दिल्लीनं कापसाची निर्यात बंद केली, देशातल्या गिरण्यांना कापूस कमी पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी नेहमीचाच व्यापारी, तोच कापूस मुठीत दाबून पाहत, भाव पाडून बोलला. आठवडाभरात सरकारनं माघार घ्यायला सुरुवात केली, पण तोवर उधारीवाले दारात येऊन बसले होते आणि खोली रिकामी झाली होती. बाबा 'मंदी' म्हणाले नाहीत. "भाव पडला बाप्पा," एवढंच. आमच्याकडे मंदीला तेच म्हणतात.

मागच्या लेखात मी याचंच पुढचं सांगितलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, कापड उद्योग अडचणीत आला. त्याला दिलासा म्हणून 19 ऑगस्टपासून कापसाचं आयात शुल्क काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमची वेचणी चालू असतानाच बाहेरच्या कापसाला दार उघडं. हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्यासाठी 7,710 आणि लांब धाग्यासाठी 8,110 रुपये होता, पण तो सरकारी केंद्रावर मिळतो आणि तिथं ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. गिरणीचा भार उतरवताना तो आमच्या गाडीत टाकला, एवढंच मी म्हटलं. गिरण्या बंद पडाव्यात असं कुठे लिहिलंय मी? दाखवा.

आणि कर्जमाफी. 2008 ची संपूर्ण माफी 2 हेक्टर, म्हणजे साधारण 5 एकरांपर्यंतच्यांना होती. ओलिताचे 5 एकर आणि कोरडवाहू 5 एकर एकाच मापानं मोजले. आमचं सव्वासात एकर, सगळं आभाळाच्या भरवशावर. मी नवव्या वर्गात होतो. बाबांनी सातबारा युरियाच्या पिशवीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि मला सोबत घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या माणसानं कागद न उलगडताच सांगितलं, "तुमचं बसत नाही. मोठी रक्कम आधी भरा, मग सूट." भरायला पैसे असते तर कर्ज थकलं कशाला असतं? म्हणून "फक्त कर्जमाफी कळते" हे मला कुणी ऐकवू नये.

त्याच वर्षी लांब धाग्याचा हमीभाव 3,000 झाला आणि जगात कापूस पडला तेव्हा सरकारी खरेदीनंच आम्हाला तारलं, हेही मी आजवर सांगत आलोय. मंदीत सरकारनं हात आखडता घ्यावा, असं तुम्ही म्हणता. 1972 च्या दुष्काळात तसं केलं असतं तर रोजगार हमी उभी राहिली नसती. वित्तीय तूट, अनुदान वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे पुस्तकी आहेत, त्यात मी शिरत नाही.

"भावनिक लोकांनी अर्थकारणावर लिहू नये," असा शेवट केलाय तुम्ही. मी लिहिणार. बाबा आता थकलेत, तरी प्रत्येक लेख आधी त्यांना वाचून दाखवतो. तुमची प्रतिक्रिया मात्र त्यांना दाखवली नाही.