आत्येच्या मोबाईलवरचा कायदा आपला नाही

रत्नागिरीत आमच्या आत्येची माडीवरची खोली रिकामी आहे. गेल्या आठवड्यात नर्सिंगला प्रवेश मिळालेली एक मुलगी वडिलांबरोबर ती बघायला आली होती. आत्येने कोकम सरबत दिलं, खोली दाखवली, भाडं सांगितलं आणि मग विचारलं, “आडनाव काय गो?” आडनाव कळलं आणि खोली एकदम ‘भाच्यासाठी ठेवलेली’ झाली. तो भाचा म्हणजे मी. मला खोली नकोय.

जाब विचारला तर तिने मोबाईल पुढे केला. सगळ्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘मालक स्वतः राहत असेल आणि घरात चारच बिऱ्हाडं असतील तर भेदभावाचा कायदा लागत नाही. भाडेकरूची जात-धर्म बघायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. जाहिरातीतही तसं लिहिता येतं. लेखी करार लागत नाही.’

चार बिऱ्हाडांची सूट आहे, पण ती अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात! तिथेही वंशावरून नकार द्यायला १८६६ चा कायदा आडवा येतो, आणि जाहिरातीला ती सूट नाहीच.

जातीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. आपला नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा आहे. कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर कलम ४ खाली एक ते सहा महिने कैद आणि वर दंड. मालक तळमजल्यावर राहतो की मुंबईत, हे ते कलम विचारत नाही. ‘आमचं कारण वेगळं होतं’ म्हणणाऱ्यांनी कलम १२ वाचावं. समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कारण अस्पृश्यतेचंच होतं असं कोर्ट धरून चालतं; तसं नव्हतं हे नकार देणाऱ्याने दाखवायचं. आत्ये, भाडं सांगून झाल्यावर तू आडनाव ऐकून फिरलीस. काय दाखवणार?

धर्माबाबत मेसेज अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते सांगतं, भाड्याची खोली नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा एका गृहनिर्माण संस्थेचा नियम उचलून धरला. पण ‘पूर्ण हक्क’ तरीही खोटंच. घर भाड्याने घेण्याबाबत एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांना २०१९ च्या कायद्याचं संरक्षण आहे.

आणि करार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. नोंदवायची जबाबदारी मालकाची.

अर्धं सरबत तसंच ठेवून ते वडील जिना उतरले, हे आत्येनेच मला सांगितलं. त्यांचा नंबर फोनजवळच्या वहीत आहे. आत्ये, आजच लाव. भाच्याला खोली नकोय, एवढं सांग.