2499 रुपयांत लग्नाला कसं जावं

पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, 'आपली उपस्थिती हाच आहेर'. बरेच लोक ते वाचून पाकिटाचे पैसे वाचले म्हणून खूश होतात. तुम्ही तसं करू नका. उपस्थिती हाच आहेर असेल तर त्याला वेष्टन नको का? तेव्हा पत्रिका फ्रिजवर चिकटवायच्या आधी कपड्यांची शोरूम गाठा.

शोरूम म्हणजे ती साखळीवाली, जिची शाखा हुबळीलाही आहे आणि कोल्हापुरालाही. आपल्या बेळगावच्या खडेबाजारातलं जुनं दुकान नव्हे. तिथं गादीवर बसवून चहा मागवतात आणि मालक तुमच्या सासूबाईंच्या बस्त्यापासूनच्या आठवणी काढतो. अशा माणसासमोर 'जरा हलक्यातलं दाखवा' म्हणायला जीभ रेटत नाही. शोरूममध्ये तुम्हाला कुणी ओळखत नाही. तिथं लाज वाटलीच तर कार्डाच्या मशीनसमोर, आणि ते मशीन पाहुण्यांत जाऊन सांगत नाही.

वडगावहून येत असाल तर रिक्षावाल्याला गल्लीबोळातून घेऊ नको म्हणून सांगा. तिकडं मागांचा खडखडाट चालू असतो, आणि आपल्याच गावात साडी विणली जाते हे ऐन खरेदीच्या दिवशी कानावर पडलेलं बरं नव्हे.

दारावरची पाटी वाचत थांबू नका. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्याप्रमाणे पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं, उरलेल्या 40 टक्क्यांत इंग्रजी पाय पसरून बसते, आणि मराठीनं थेट आत जाऊन पैसे भरायचे असतात. पाटीखाली '60% पर्यंत सूट' असा फलक असतो. त्यातला 'पर्यंत' सगळ्यांत बारीक असतो, पण दुकानात सगळ्यांत जास्त काम तोच करतो.

जायचं कधी, तर आषाढात. लग्नं नसतात, दुकानं ओस पडतात, म्हणून आपल्याकडं आषाढ सेल लागतो. मार्गशीर्षातल्या लग्नाचा गाऊन तेव्हाच घेऊन ठेवा. मधे गणपती, दसरा आणि दिवाळी येते एवढीच काय ती अडचण, पण मोदक आपण खाल्ले हे गाऊनला कोण सांगणार? सेलचा माल बदलून मिळत नाही, हे बिलाच्या पाठीमागं छापलेलं असतं. तेही मार्गशीर्षातच वाचा.

आत पाऊल टाकलं की काउंटरवरची मुलगी 'बर्री अक्का' म्हणते. तिला तुमचं मराठी कळतं, तुम्हाला तिचं कन्नड कळतं, म्हणून दोघी हिंदीत बोलता. ती बजेट विचारेल. तुम्ही 2500 सांगा. ती 4800 चा काढेल. "देखने का पैसा नहीं लगता दीदी." पैसे लागत नाहीत हे खरंच, पण तो बघितल्यावर 2499 वाला आधी कुणीतरी घालून परत केल्यासारखा दिसायला लागतो. 'कम्मी माड्री' म्हणून बघायला हरकत नाही. ती हसून कॉम्प्युटरकडं बोट दाखवेल, "आगंगिल्ल री, सिस्टीमनल्ली अदे." म्हणजे जमत नाही हो, सिस्टीममध्येच तसं आहे. गणपत गल्लीत कोथिंबिरीच्या पेंडीवरून पाव तास हुज्जत घालणाऱ्या माझ्या आत्या या एका वाक्यापुढं गपगार झालेल्या मी बघितल्यात. सिस्टीमशी भांडायचं कुठल्या भाषेत?

2499 हा आकडा मात्र कुणी उगाच काढलेला नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलात की 18. आधी ही रेघ हजारावर होती आणि वरचा दर 12 होता. त्यामुळं जो तो कपडा आता अडीच हजारांच्या उंबऱ्याशी अंग चोरून उभा असतो. साडी पडली कापडात. ती कितीही भारी घ्या, 5 च टक्के. म्हणजे शिवलेलं घातलं तर चैन, गुंडाळून नेसलं तर गरज. हे गणित ज्या कुणी मांडलं, त्याच्या घरात बस्ता बायकांनीच बांधला असणार.

'ट्रॅडिशनल' अशी चिठ्ठी लावलेला एक कोपरा असतो, तिथं जरूर जा. तिथं पॉलिस्टरवर छापलेला खण मिळतो. खरा खण गुळेदगुड्डला विणतात, इरकल इलकलला, आणि ही दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यात, म्हणजे इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. पण तिथं एसी नाही, ट्रायल रूम नाही, आणि आजीच्या चोळीचं कापड ते आजीच्याच चोळीचं म्हणून विकतात. इथं त्याला 'फ्युजन' म्हणतात.

आता ट्रायल रूम. तीन बाजूंनी आरसे आणि वरून पिवळा उजेड, त्यामुळं आतली बाई बाहेरच्या बाईपेक्षा पाच किलोंनी कमी दिसते. श्वास बाहेर सोडून चेन वर घ्या. पुन्हा आत घेऊ नका. बाहेरून आवाज येतो, "बैठा क्या दीदी?" होय, गाऊन बसला. आता मलाच बसता येईना, हे तिला सांगण्यात अर्थ नाही. आत कॅनकॅन असतो, म्हणजे खरखरीत जाळीचा घेर. तो घालून रिक्षात बसलात तर शेजारी माणूस मावत नाही, आणि पंगतीला बसलात तर जिलेबी आणि तुमच्यामधे हातभर जाळी येते. दार उघडून बाहेर आलात की सोफ्यावरचा नवरा मोबाइलमधून मान वर न काढता "छान आहे" म्हणेल. त्याला बिचाऱ्याला घरी जायचं असतं.

बिल नीट समजून घ्या. गाऊन 2499. ओढणी वेगळी, 799. कॅनकॅन 650, तो बाहुलीच्या अंगावर होता, किमतीत नव्हता. कमरेत सैल करायचे 350. हातात धरायची पर्स 899, कारण गाऊनला खिसा नाही. झाले 5197. मग कॅशियर सांगेल, 6000 च्या वर गेलात तर वाट्यांचा सेट फ्री. फ्री म्हटल्यावर सोडायचं कसं? नवऱ्याला 999 चा कुर्ता घ्या. 6196. घरी आणि शेजारी विचारलं तर सांगा, "2499 ला मिळाला." खोटं नाही ते, चिठ्ठीवर तसंच लिहिलंय.

हळदीच्या पिवळ्या ड्रेसचं वेगळं सांगत नाही. पिवळ्यावर पिवळा डाग दिसत नाही, एवढा एकच कपडा या सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला असतो.

लग्नाच्या दिवशी तोच गाऊन घातलेली हुबळीकडची पाहुणी भेटेल. भेटणारच, शाखा कशाला काढल्यात? हसा, शेजारी उभं राहून फोटो काढा, ड्रेस कोड होता म्हणा. कितीला घेतला ते मात्र विचारू नका. तिनं 1999 सांगितलं तर जेवण जाणार नाही. आणि आत्यांच्या जवळून जाऊ नका. त्या वीस वर्षांपूर्वीची इरकल नेसून पंख्याखाली मांडी घालून बसलेल्या असतात. "अगं, मच्छरदाणी कशाला गुंडाळलीस गं?" असं भर मांडवात विचारतात, आणि माइक कुणाच्याही हातात नसताना ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातं.

अक्षता पडताना मागं उभ्या राहा. टिकल्यांच्या जाळीत तांदूळ अडकतात ते धुतल्यावरही निघत नाहीत. धुवायचे तरी कशाला? फोटो स्टेटसला गेलेत, म्हणजे हा गाऊन परत घालता येत नाही. घडी घाला आणि कपाटात ठेवा. माझ्या कपाटात असे तीन आहेत. परवा झटकले तर अर्धी वाटी अक्षता निघाल्या.

वैशाखात निपाणीला लग्न आहे. सगळ्यांनी पेस्टल घालून यायचंय म्हणे.