आईसाहेब व्हायचंय? आधी जळमटं काढणं सोडा

अभिनंदन! खानदानी घराणं आहे, अंगणात दोन-अडीचशे सैनिक कवायत करतात, आणि देवीवर तुमची अशी श्रद्धा आहे की कुणी तिचं नाव जरा सैल आवाजात घेतलं तरी तुमचा हात आपोआप चाबकाकडे जातो. मेन्झोबेरान्झानमध्ये घराण्याच्या आईसाहेब व्हायला आणखी काय लागतं? एकच अडचण दिसते. तुमच्या आईसाहेब अजून हयात आहेत. त्याचं नंतर बघू, तिथे त्याला अडचण म्हणत नाहीत.

ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक जगातली पात्रं रंगवण्याचा खेळ खेळणाऱ्यांना ड्राऊ माहीत असतात: काळ्या कातडीचे, पांढऱ्या केसांचे, जमिनीखाली राहणारे एल्फ, म्हणजे परीकथांतली टोकदार कानांची जमात. गॅरी गायगॅक्सने १९७८ साली त्यांना खेळात रीतसर उतरवलं, आणि १९९० पासून आर. ए. साल्वाटोरच्या कादंबऱ्यांनी त्यांचं हे गाव घरोघरी पोचवलं. सुमारे दोन मैल रुंदीची एक गुहा, तिच्यात वीसेक हजार ड्राऊ, आणि त्यांच्या उरावर लॉल्थ, कोळ्यांची राणी. घराणी बायका चालवतात. पुरुष तलवार चालवतात, जादू करतात आणि विचारलं तर बोलतात.

आता साफसफाईचं. दिवाळी आली की लांब काठीला झाडू बांधून कोपऱ्या-कोपऱ्यातली जळमटं काढणाऱ्या तुम्ही असाल, तर ती काठी वरच ठेवून या. इथे कोळी मारला तर देहदंड. चुकून पायाखाली आला होता वगैरे सांगायचं नाही. पाय तुमचाच होता ना?

लॉल्थबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की करा. ती न्यायाची देवी नाही, सुबत्तेची नाही, लेकरांची तर मुळीच नाही. ती गोंधळाची देवी आहे. आपल्याकडे देवीपुढे गोंधळ घालतात, संबळ वाजते, दिवटी पेटते, पहाटे सगळे चहा पिऊन घरी जातात. इथे देवी स्वतःच गोंधळ घालते आणि पहाट होतच नाही. वेळ कळावी म्हणून गावात नारबोंडेल नावाचा एक दगडी खांब आहे. गावचा मुख्य जादूगार रोज त्याच्या बुडाशी उष्णता पेटवतो, ती हळूहळू वर चढते, मग विझते. ड्राऊंना उष्णता डोळ्यांनी दिसते, म्हणून तेच त्यांचं घड्याळ. खांब पुरता गार पडला की मध्यरात्र. शेजाऱ्यांकडे जायची ही चांगली वेळ.

शेजाऱ्यांकडे म्हणजे त्यांना संपवायला. दचकू नका, कायदा त्याच्या आड येत नाही. गावात घराण्यांची उतरंड आहे, वरची आठ घराणी मिळून सभा चालवतात, आणि वरच्या पायरीवर जायचं तर ती पायरी रिकामी करावी लागते. नियम एवढाच की काम अर्धवट सोडायचं नाही. त्या घराण्याचे सगळे खानदानी रक्ताचे लोक एका रात्रीत गेले पाहिजेत. कुणी उरला नाही तर तक्रार करणारं कुणी नाही, आणि तक्रार नाही तर गुन्हाही नाही. पण एक जरी खानदानी पोर जिवंत राहिलं आणि त्यानं सभेपुढे बोट दाखवलं, तर तीच सभा न्यायाच्या नावाखाली तुमचं घराणं मुळासकट उपटते. हल्ला सगळ्यांनी पाहिलेला असतो. पाहिला नाही असं सगळे म्हणतात. हरलेल्या घरचे सैनिक तर दुसऱ्या दिवशी तुमच्याच अंगणात कवायतीला उभे असतात. बदलीवर आल्यासारखे.

या कलेतला आदर्श म्हणजे मॅलिस आईसाहेब, दोउर्दन घराण्याच्या. घराणं दहाव्या क्रमांकाचं, आणि डोळा चौथ्या क्रमांकाच्या डेव्हिर घराण्यावर. हल्ल्याची रात्र ठरली आणि त्याच रात्री बाईंना कळा सुरू झाल्या. दुसरी एखादी म्हणाली असती, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू. मॅलिसबाईंनी बाळंतपणाच्या कळाच मंत्राला जोडल्या आणि त्या जोरावर शत्रूच्या देवघरावर घाव घातला. बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू हे आपले लाड. इथे मूल बाहेर येता-येता शेजारचं घराणं आत जातं.

मूल मुलगा निघाला, तिसरा. आणि तिसरा जिवंत मुलगा देवीचा, अशी रीत आहे. म्हणजे देवळात वाहायचा असं नव्हे, कापायचा. थोरली लेक ब्रिझा सुरा घेऊन तयारच होती. पण त्याच रात्रीच्या धामधुमीत दुसऱ्या मुलानं पहिल्याला पाठीमागून उडवलं होतं. मानसिक हिशेब झाला, तिसरा आता दुसरा ठरला आणि बाळ वाचलं. थोरल्या मुलाच्या जाण्याचं दुःख? हिशेबात तसा रकाना नव्हता. मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात भयंकर भाग खून नाही, वजाबाकी आहे.

वाचलेल्या मुलाला कसं वाढवायचं? नजर जमिनीवर. कुणा बाईच्या तोंडाकडे वर पाहिलं की चाबूक. देवघर घासायला लावा, छताजवळच्या कोपऱ्यांतसुद्धा, खानदानी ड्राऊंना हवेत तरंगता येतंच. (जळमटं मात्र राहू द्यायची, सांगितलंय.) एवढं करूनही एखादं पोर दयाळू निघतं. मॅलिसबाईंचं निघालं. ड्रिझ्ट त्याचं नाव. वर, उजेडाच्या जगात कापाकापीला पाठवलं तर त्यानं एका एल्फ मुलीला मेल्याचं सोंग घ्यायला लावून वाचवलं आणि घरी येऊन गप्प बसला.

इथे तुमच्या श्रद्धेची खरी परीक्षा सुरू होते. देवी रुसली. का रुसली, ते सांगत नाही. कौल लावायची सोय आहे, तिची दासी बोलावता येते. अर्धवट वितळलेल्या मेणबत्तीला डोळा फुटावा असं तिचं रूप. मोठ्या भक्तिभावानं विचारायचं की आमचं काय चुकलं, तर ती म्हणते, तुमचं तुम्ही शोधा. घरात रुसून बसलेल्या माणसाशी ज्यांनी संसार केलाय त्यांना हे संभाषण नवं नाही, फक्त इथे उत्तर चुकलं तर वाडा जातो. मग आईसाहेबांनी काय करावं? रात्रभर जागावं, प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयानं पाहावं, दोष सापडेपर्यंत जो जवळ असेल त्याला बडवावं. शेवटी दोष कळलाच, तर ज्याचा आहे त्यालाच बळी द्यायला हवा असंही नाही. मॅलिसबाईंनी ड्रिझ्टऐवजी त्याच्या बापाला, झॅकनाफिनला, वेदीवर घेतलं. गावातला नामांकित तलवारबाज, त्यांचा एकेकाळचा नवरा. तो स्वतःहूनच तयार झाला म्हणा. देवी खूश, आणि मुलगा घर सोडून पळाला. म्हणजे देवी पुन्हा नाखूश.

मग मेलेल्या त्याच झॅकनाफिनला मंत्रानं उठवून पोरामागे सोडलं. या विधीला झिन-कार्ला म्हणतात, तो देवीचा फार मोठा प्रसाद आणि तो फसला तर क्षमा नाही. फसला. नवऱ्याला मेल्यावरही मुलाची माया सुटेना, त्यानं मुलाला मारायचं सोडून स्वतःला आम्लाच्या डोहात झोकून दिलं. आईसाहेबांनी आयुष्यभर ज्या गोष्टीवर बंदी घातली होती, ती मढ्यात शिल्लक होती.

पुढे काय झालं ते दोन ओळींत. पहिल्या क्रमांकाच्या बेन्रे घराण्यानं दोउर्दनांचा वाडा संपवला. पण मॅलिसबाईंना ते पाहावं लागलं नाही, त्याआधीच ब्रिझानं आईची जागा मोकळी करून घेतली होती. तीच ब्रिझा, जी बाळावर सुरा धरून उभी होती. शिकवण वाया गेली नाही.

तर सुरुवातीची अडचण आठवतेय? तुमच्या आईसाहेब? त्यांची सोय कशी करायची ते तुम्हाला आता उमगलं असेल. गादीवर बसल्यावर मात्र एक काम न चुकता करा. मोठ्या पुजारणींच्या चाबकाला दोऱ्या नसतात, जिवंत सापांची मुंडकी असतात, आणि मुंडकी जितकी जास्त तितकी देवीची कृपा जास्त. तेव्हा नारबोंडेल पेटला की पहिल्यांदा थोरल्या लेकीला हाक मारायची, जवळ बसवायचं, केसांवरून हात फिरवायचा आणि तिच्या कमरेला लटकलेली मुंडकी मोजायची.

कालपर्यंत चार होती ना? पुन्हा मोजा.