कोरडं पाणी, किलोच्या भावात

टाच दुखते असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये बोलू नये. चौथा मजला यायच्या आत तिघं जण ‘एप्सम सॉल्टच्या पाण्यात पाय सोडून बसा’ असं सांगून मोकळे होतात. पाणी किती, मीठ किती आणि मुख्य म्हणजे भांडं कोणतं, हे मात्र एकही जण सांगत नाही.

भांड्यापासूनच सुरुवात करतो. आंघोळीची बादली वर रुंद आणि खाली निमुळती. तिच्यात दोन पावलं शेजारी शेजारी मावत नाहीत, एकावर एक ठेवावी लागतात आणि दुखरं पाऊल हमखास खाली येतं. त्यापेक्षा घमेलं घ्या, नाहीतर बाळाच्या आंघोळीचा टब. पाच लिटर पाणी आणि अर्धा कप मीठ, म्हणजे साधारण १२० ग्रॅम. पाणी कोपराला सोसेल इतपत, ३८ ते ४० अंश. पंधरा-वीस मिनिटं पुरे. बसण्याआधी गॅस बंद करा, टॉवेल, चष्मा आणि मोबाइल हाताशी घ्या, कारण पाय बुडाले की दाराची बेल वाजते. ओल्या पायांनी फरशीवरून धावलात तर टाचेचं दुखणं मागे पडतं आणि खुब्याचं सुरू होतं. पाणी निवलं म्हणून पाय आत असताना वरून उकळतं पाणी ओतायचं नाही. आधी पाय बाहेर, मग पाणी, मग कोपर, मग पुन्हा पाय. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये, पाय भाजला तरी त्यांना कळत नाही. आणि पाय मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस बर्फ, गरम पाणी नाही.

बसल्या बसल्या मिठाची ओळख करून घेऊ. हे मॅग्नेशियम सल्फेट. सल्फेट म्हटल्यावर गंधक आठवतो, म्हणून लोक पुडी हुंगून बघतात. तो वास काळ्या मिठाचा, याला वास अजिबात नाही. याच्या स्फटिकात मिठाच्या प्रत्येक हिश्शामागे पाण्याचे सात रेणू मुक्कामाला असतात. वजनाचा हिशोब केला तर ५१ टक्के पाणीच. किलोभर मीठ आणलं की अर्ध्या किलोहून जास्त पाणी घरी येतं, तेही कोरडं. असं बेमालूम पाणी घालणं अजून कुठल्या गवळ्याला साधलेलं नाही. हे मीठ विरघळताना उष्णता ओढून घेतं, पण पाच लिटरमागे अर्धा अंशसुद्धा नाही, तेव्हा पाणी लवकर निवलं याचा आळ त्याच्यावर घेऊ नका.

मॅग्नेशियम कातडीतून आत शिरतं आणि स्नायू सैल करतं, असं पाकीट सांगतं. त्याला ठोस पुरावा नाही. माझ्या मते आराम पडतो तो गरम पाण्याने आणि वीस मिनिटं कुणी उठवत नाही म्हणून. नुसत्या गरम पाण्यात बसलेल्याला लोक भाजी निवडायला देतात, मीठ घातलं की तो ‘उपचार’ होतो.

खरा पराक्रम पोटात. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या एप्समच्या कडू झऱ्यावर सतराव्या शतकात लंडनकर पोट साफ करायला जात. एका बड्या अधिकाऱ्याने १४ जुलै १६६७ रोजी तिथे चार पाइंट, म्हणजे सुमारे दोन लिटर, पाणी प्यायल्याचं आणि त्याचा परिणाम उत्तम झाल्याचं रोजनिशीत समाधानाने लिहून ठेवलंय. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने १६९५ मध्ये या मिठावर पुस्तिका काढली. आज पाकिटावर मोठ्या माणसासाठी मात्रा असते चहाचे दोन ते चार सपाट चमचे, पेलाभर पाण्यात. आतडं हे मीठ फारसं शोषत नाही, उलट मीठच आतड्यात पाणी खेचून आणतं. म्हणून वर आणखी एक पेला पाणी प्या, नाहीतर ते तुमच्या अंगातलं जातं. परिणाम अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही. एवढ्या मोघम वेळापत्रकावर एसटीचं तिकीट काढू नये. चवीपुढे पाडव्याचा कडुनिंब परवडला, पाणी गार घेऊन लिंबू पिळलं तर घशाखाली उतरतं. मूत्रपिंड अधू असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं, तेव्हा अजिबात नाही. पोटात कळ कशाची आहे हे माहीत नसेल तरीही नाही.

दवाखान्यात याला ‘मॅगसल्फ’ म्हणतात. सलाइनच्या सुईने हात सुजला की नर्स ग्लिसरीनमध्ये कालवून याचीच पट्टी ठेवतात, तिथेही पाणी ओढायचंच काम. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा मात्र हे मीठ गमतीचं राहत नाही. गावच्या आरोग्य उपकेंद्रातली परिचारिकासुद्धा (एएनएम) पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, देऊन मगच बाईला पुढे पाठवू शकते. नंतरच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी तपासायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. २००२ च्या ‘मॅगपाय’ नावाच्या आंतरराष्ट्रीय औषध-चाचणीत दहा हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या, आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला.

टबातलं पाणी गुलाबाला घालायचा मोह होतो. ते फार तीव्र असतं, पाचपट पातळ करा. नर्सरीतलं स्वस्त पाकीट झाडांसाठीच, पोटासाठी नाही, आणि ते स्वयंपाकघरात ठेवू नका. दिसायला ते हुबेहूब साखर. चहात एक चमचा गेला तर पाहुणा तोंड वाकडं करून गप्प बसेल. पण काही पाहुणे दोन चमचे साखर घेतात, आणि निघताना म्हणतात, आता थेट पुण्यालाच थांबायचं.