न्येरेरेंच्या हातातली झोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ महाशय,

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “असले भाबडे लेख पंख्याखाली बसून लिहिता येतात. हा माणूस भाषणं स्वावलंबनाची द्यायचा आणि झोळी घेऊन जगभर फिरायचा. रेल्वेसुद्धा चीनने बांधून दिली. शेतकऱ्यांना घरांतून हाकललं, देश भिकेला लावला, आणि तुम्ही आरत्या ओवाळताय.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण टोपणनावाआड बसून दुसऱ्याला भाबडा म्हणायला काही लागत नाही. शिवाय तो लेख लिहिला तेव्हा आमच्याकडे वीज गेलेली होती, त्यामुळे पंख्याचा प्रश्नच नव्हता. असो.

आता झोळी. समाजवाद आणि स्वावलंबनाचं धोरण मांडणारा न्येरेरेंच्या पक्षाचा १९६७ चा अरुशा जाहीरनामा वाचलाय का तुम्ही? परदेशी पैशाला हातच लावायचा नाही, असं त्यात कुठेही नाही. विकासाची सगळी भिस्त देणग्यांवर नि कर्जांवर ठेवली तर स्वातंत्र्य नावापुरतं उरेल, हे त्याचं म्हणणं. मदत घेणं वेगळं आणि मदतीपायी परराष्ट्र धोरण गहाण टाकणं वेगळं. एवढा फरक तरी करा.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. टांझानियातल्या पूर्व जर्मनीच्या कचेरीवरून पश्चिम जर्मनीने १९६५ साली लष्करी मदत काढून घेतली. न्येरेरे म्हणाले, मग उरलेलीही घेऊन जा. त्याच वर्षी ऱ्होडेशियात (आजचा झिंबाब्वे) अल्पसंख्य गोऱ्यांनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ब्रिटनने ते मोडून काढलं नाही, म्हणून डिसेंबरात त्यांनी ब्रिटनशी संबंध तोडले. ७५ लाख पौंडांचं कर्ज अडकलं, ते अडकू दिलं. झोळीवाला दात्याच्या दारातून असा उठून जातो?

टांझानिया-झांबिया जोडणारी ताझारा रेल्वे चीनने बांधली, हे बरोबर. तेवढा मुद्दा तुमचा. पण आधी जागतिक बँकेने नकार दिला होता, चीनचं कर्ज बिनव्याजी होतं आणि त्या १,८६० किलोमीटरच्या मार्गामुळे झांबियाचं तांबं गोऱ्यांच्या ऱ्होडेशियात पाऊल न टाकता दार-ए-सलामच्या बंदरात येऊ लागलं. स्वीडन-नॉर्वेकडूनही पुष्कळ पैसा आला, हे तुम्ही लिहिलं नाहीत, मीच सांगतो. पण ते देश स्वतःहून द्यायला येत होते.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. वडिलांच्या नोकरीमुळे माझं शाळकरी वय दार-ए-सलाममध्ये गेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साबण-साखरेच्या रांगेत आईबरोबर मी उभा राहिलोय. त्या रांगेत न्येरेरेंच्या नावाने बोटं मोडणारे होते, त्यांना चोर म्हणणारा एकही भेटला नाही. तुमचा टांझानियाशी संबंध काय, हे विचारलं तर चालेल ना?

बाकीचं थोडक्यात. उजामाची, म्हणजे सामूहिक शेतीची, गावं वसवताना १९७३ नंतर सक्ती झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो स्वतंत्र विषय आहे, कधीतरी लिहीन. ‘देश भिकेला लावला’ म्हणताना तेलाची दरवाढ, दुष्काळ आणि युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनशी झालेलं १९७८-७९ चं युद्ध तुम्ही सोयीस्कर विसरलात. १९८६ साली नाणेनिधीशी करार झाला तोही त्यांचे वारस अली हसन म्विनी यांच्या कारकिर्दीत.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच प्रसिद्ध करीन. तोवर जाहीरनामा वाचून काढा, फार लांबलचक नाही.